बारीक धार

बेगुन धबधब्याचं वर्णन ओकबुनइतकं रसाळ करणारं माणूस त्या अख्ख्या खोऱ्यात नव्हतं, आणि तो धबधबा तिनं उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता.

तिची खानावळ राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाबाहेर, पायवाट सुरू होते तिथंच. सोलहून बसगाड्या भरभरून येणारे डोंगरवेडे सकाळी तिच्या दारावरून तरातरा वर जायचे आणि दुपारी लंगडत खाली आले की तिच्याच बाकांवर बसकण मारायचे. कांद्याच्या पातीची खरपूस धिरडी, ओकच्या बोंडांची थलथलीत वडी आणि पोचे पडलेल्या पिवळ्या किटलीतून माकगोल्ली. तांदळाची ती पांढरी दारू पोटात गेली की मुकीसुद्धा बोलायला लागतात. ओकबुनला बोलायला दारू लागत नसे.

"दोन धारा आहेत, दोन," झारा हातात धरून ती वर जाणाऱ्यांना सांगायची. "एक जाड, एक बारीक. नवराबायको! वरून निघतात तेव्हा एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि खाली येईपर्यंत एक होतात. जोडीनं जाऊन बघा, वर्षभर भांडण होणार नाही. लांब? छे, लांब कसलं! चाळीस मिनिटं. चपला घालूनही जाल."

चाळीस मिनिटांत त्या वाटेवर फक्त खारी जातात. पण एवढं खोटं डोंगराच्या पायथ्याशी चालतं, नाहीतर कुणी वर जाणार नाही आणि खाली येऊन धिरडीही मागणार नाही.

स्वतः का नाही गेली, तर सवड नाही म्हणून. रविवारी गिऱ्हाईक, सोमवारी रविवारची खरकटी भांडी, मंगळवारी बोंडं भिजत घालायची, मग कोबी खारवायचा, की पुन्हा रविवार दारात हजर. काखेत कळसा असला की माणसाला गावाला वळसा घालायचीसुद्धा घाई नसते. "डोंगर कुठं पळून चाललाय," असं नवरा म्हणायचा, आणि डोंगर खरोखरच पळाला नाही. पळाले ते गुडघे.

नवरा, म्हणजे दोकसू, हमाल होता. धबधब्याच्या वर, खिंडीजवळ, गिर्यारोहकांसाठी एक निवारा आहे. तिथं लागणारं सगळं सामान त्याच्या पाठीवरून वर जायचं. पाठीला चिगे, म्हणजे लाकडाची चौकट, तिच्यावर गॅसच्या टाक्या, शेवयांची खोकी, पाण्याच्या बाटल्या, आणि हातात चौकटीला टेकू द्यायची काठी, वर दोन फाट्यांचं दुबेळकं असलेली, खाली लोखंडी टोक. इतकं ओझं वाहणारा माणूस शब्द मात्र एकही जादा वाहायचा नाही. "जेवण बरं झालंय का?" असं विचारलं तर ताट पुढे करायचा, त्यावरून ओळखायचं.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी घमेल्यात पाय सोडून बसलेला हा माणूस कुणी न विचारता बोलला. म्हणाला, "धबधब्याला दोन धारा आहेत. मोठी, जिचा आवाज अख्ख्या दरीला ऐकू जातो, ती तू. मागून एक बारीक येते, ती मी. खाली एकच होतात."

"म्हणजे मी तोंडाळ?" म्हणत ओकबुननं हातातलं ओलं फडकं त्याला फेकून मारलं. तो हसला, फडक्यानंच पाय पुसले आणि झोपायला गेला. सगळ्या संसारात तिच्याशी तो गोड असं एवढंच बोलला. पण ओकबुनला ते पुरलं. नवरा दारू प्यायला, मुलगा आजारी पडला, पुरात खानावळीची भिंत गेली, तेव्हा तेव्हा ती मनातल्या मनात त्या दोन धारा उघडून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. गिऱ्हाइकांना सांगताना मात्र तिनं उलटं केलं. मोठी धार नवरा, बारीक बायको, असं म्हटलं की पुरुष खूश होऊन आणखी एक किटली मागवतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी दोकसू गेला. जातानाही काही बोलला नाही.

आणि या शरद ऋतूत एक निवृत्त गृहस्थ आला. जांभळं जाकीट, कपाळावर चष्मा, बरोबर मित्रांचा घोळका. वडीचा तुकडा जेवणाच्या काड्यांनी उचलता उचलता म्हणाला, "आजी, मी दर वर्षी येतो. धार एकच आहे हो."

असं म्हणणारे पूर्वीही येऊन गेले होते. ओकबुनचं उत्तर ठरलेलं असे. "तुमच्या डोळ्यांत दोष," किंवा "दुष्काळात गेलात," किंवा "बायकोला नेलं नाहीत, मग कशी दिसणार?" पण हा गृहस्थ पक्का. त्यानं फोन काढला आणि धबधब्याचं चित्रीकरण दाखवलं, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत, वरून खाली, अगदी पाटबंधारे खात्याच्या साहेबासारखं. पांढरी, घसघशीत, एक धार. बाकांवर हशा पिकला. ओकबुनही हसली, त्याला जादा लोणचं वाढलं आणि आत जाऊन पिठाच्या डब्याला टेकून उभी राहिली.

शेजारच्या खानावळीतल्या जोमरेनं हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकणारच. त्या दोन खानावळींच्या मधली भिंत पत्र्याची आणि जोमरेचे कान तिखट. वयानं ती ओकबुनपेक्षा लहान, पाठ अजून ताठ, केस दर महिन्याला काळे कुळकुळीत. दोघींचं हाडवैर होतं आणि एकमेकींवाचून एक दिवस जात नसे. शिवाय आता आणखी एक गोष्ट ठरली होती. पानं गळून हंगाम संपला की ओकबुन इन्छोनला मुलाकडे राहायला जाणार होती, उंच इमारतीतल्या अकराव्या मजल्यावर, आणि जोमरे मधला पत्रा काढून दोन्ही खानावळी एक करणार होती.

"ताई, मला एक सांग," भांडी विसळता विसळता जोमरे म्हणाली. "तू गेल्यावर तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडं येणार. मी त्यांना काय सांगू? दोन का एक?"

"दोन."

"तू बघितल्यास?"

"आमच्या म्हाताऱ्यानं बघितल्यात. रोज बघायचा."

"भाऊजींनी तुला गंडवलं गं. नव्या नवरीला खूश करायला पुरुष काय काय बोलतात! आमचा तर म्हणाला होता, तुला समुद्रावर घर बांधून देतो. दुरून डोंगर साजरे, ताई."

ओकबुननं तिला घाणेरडी शिवी दिली, पण बाण बसायचा तो बसला. आता इन्छोनला जाताना ती बरोबर काय नेणार होती? चार भांडी, एक रजई आणि ते एक वाक्य. ते वाक्यच खोटं निघालं, तर मग त्या मुक्या माणसाबरोबर आपण नक्की कशाच्या आधारावर जगलो? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि धिरडी करपायला लागली.

वादळी पाऊस होऊन गेल्यावर, आकाश धुतल्यासारखं निघालं त्या दिवशी, ओकबुननं चुलीवर झाकण ठेवलं, दाराला पाटी अडकवली आणि कोपऱ्यातली दोकसूची दुबेळक्याची काठी उचलली.

"कुठं?" जोमरे पत्र्याआडून.

"वर."

"त्या गुडघ्यांनी? डॉक्टर काय म्हणाला विसरलीस?"

"डॉक्टरला कुठं धबधबा बघायचाय."

जोमरेनं दोन मिनिटं आदळआपट केली आणि मग डोक्यावर झगमगीत टोपी, पाठीवर पिशवी, पिशवीत काकड्या आणि किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या, घेऊन ती हजर झाली. "तू वाटेत मेलीस तर तुझी ती पिवळी किटली सुनेच्या हाती लागेल," ती म्हणाली. "मला हवीय ती."

वाट पहिल्यांदा गोडबोली आहे. सपाट, ओढ्याकाठची, दोन्ही बाजूंना मेपल. मग पूल येतो, आणि पुलापलीकडं वाट आपला खरा स्वभाव दाखवते. दगडी पायऱ्या, मग लाकडी पायऱ्या, मग लोखंडी पायऱ्या. पाठीतून वाकलेली ओकबुन काठीवर भार टाकून एक एक पायरी चढत होती, पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची घेत नव्हती. तिच्या बाजूनं सत्तरीच्या बायका गुलाबी जाकिटं फडफडवत निघून जात होत्या आणि ते तिला फार लागत होतं.

वरून माणसं उतरत होती. ओकबुनचा लालबुंद चेहरा बघून एक जण थांबला. "आलंच हं आजी! दहा मिनिटं फक्त!"

बऱ्याच वेळानं दुसरा भेटला. "आता काय, दहा मिनिटं! धीर धरा!"

आणखी किती तरी वेळानं एक जाडजूड बाई, गालांवर उन्हापासून बचावाचं पांढरं मलम थापलेली. "अगंबाई, एवढ्या लांब आलात? मग पोचलातच! दहा मिनिटं!"

"मेल्यांनो," ओकबुन एका दगडावर बसत म्हणाली, "सगळ्यांची दहा मिनिटं एकाच दुकानातून आणलीत काय?"

जोमरे काकडी मोडता मोडता इतकी हसली की तिला ठसका लागला. "आणि चपलांवर जायचं होतं ना? चाळीस मिनिटांत? ताई, तुझं खोटं डोंगर चढून वर गेलं, आणि आता पायऱ्या उतरून तुलाच भेटायला आलंय."

ओकबुनला हसू आलं नाही. आपण जे सहज म्हणून फेकत होतो, ते माणसं गुडघ्यांवर झेलत होती हे तिला आज पहिल्यांदा कळलं. आणि लगेच दुसरा विचार मागोमाग आला. त्यानंही असंच फेकलं असेल का? दमूनभागून आल्यावर, पाय गरम पाण्यात सोडल्यावर, काहीतरी बरं बोलावं म्हणून?

"चल," ती म्हणाली. "परत जायचं तर जा तू."

"मी कशाला जाऊ? किटली अजून मिळाली नाही."

पुढची वाट कड्याला धरून वळत जाते. डोंगराच्या अंगाला खडक, दरीच्या अंगाला दोरखंड ओढलेला. आवाज आता यायला लागला होता. आधी वाटलं वारा आहे. मग तळव्यांखाली कळायला लागलं की वारा नाही. एका वळणावर दरीकडच्या पाइनची आडवी फांदी जोमरेच्या टोपीला लागली, टोपी उडून दोरखंडाला अडकली, आणि ती परत डोक्यावर चढवत तिनं फांदीच्या सात पिढ्या उद्धरल्या. ओकबुन मान खाली घालून पायऱ्या बघत चालली होती. वाकून चालणाऱ्याला डोंगर दिसत नाही, पुढच्याच्या टाचा दिसतात.

मग पायऱ्या संपल्या आणि पायाखाली लाकडी फळ्या आल्या. सज्ज्यासारखा मोठा मंच, कठडा, फोटो काढणाऱ्यांची दाटी. कुणीतरी "आजींना पुढं जाऊ द्या" म्हणालं आणि माणसं बाजूला झाली. ओकबुननं कठडा धरला आणि मान वर केली.

आयुष्यभर जिनं या धबधब्याचं पुराण सांगितलं, तिनं तो पहिल्यांदा पाहिला.

तिनं कल्पनेत पाहिला होता तो आपला देवळाच्या चित्रातला, पडद्यासारखा. हा वेगळाच निघाला. काळ्या कड्याच्या माथ्यावर, निळ्या आभाळाला लागून, पाणी क्षणभर थांबल्यासारखं वाटत होतं, जणू खाली बघून घेतंय. मग सुटत होतं. आणि सुटल्यावर ते घाई करत नव्हतं. एवढ्या उंचीवरून पांढरे लोटच्या लोट सावकाश, एकापाठोपाठ एक, उलगडत येत होते आणि खाली हिरव्यागार डोहात पडून त्यांची वाफ पुन्हा वर चढत होती. फळ्या थरथरत होत्या. कठड्याला धरलेल्या हातांतून ती थरथर तिच्या छातीपर्यंत पोचली. तुषारांनी तिचा चेहरा भिजला, भुवयांवर थेंब जमले, तोंड उघडं होतं त्यात पाणी गेलं. ते गार होतं आणि त्याला दगडाची चव होती. कड्याच्या फटीत उगवलेला एक लाल मेपल त्या माऱ्यात अखंड हलत होता आणि मोडत नव्हता.

"आई गं," ओकबुन एवढंच म्हणाली. तिच्या मनात आलं, एवढं मोठं काहीतरी माझ्या परसात रात्रंदिवस चालू होतं आणि मी खाली कांदे चिरत होते.

जोमरेही गप्प होती. हा चमत्कार धबधब्याहून लहान नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग हळूहळू, इच्छा नसताना, ओकबुनचे डोळे मोजायला लागले. कड्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. उजवीकडं काळ्या खडकाचा एक मोठा खांदा पुढं आला होता, ओला, शेवाळलेला, रिकामा. तिनं कठड्याच्या एका टोकाशी जाऊन बघितलं. मग दुसऱ्या टोकाशी जाऊन बघितलं. पाय उंच करून बघितलं.

धार एकच होती.

तशी एकच धार पुष्कळ झाली. याहून सुंदर काही तिनं पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हती. पण तिनं कठडा सोडला आणि मनातल्या मनात नवऱ्याला विचारलं. एवढं खरं समोर होतं, मग खोटं कशाला बोललास रे? जसा आहे तसा सांगितला असतास तरी मी ऐकलं असतं. दोन शब्द कमी बोलला असतास.

जोमरेनं तिच्याकडं बघितलं. टोमणा तिच्या ओठांपर्यंत आलेला दिसत होता. तो तिनं गिळला. "धुकं आहे तिकडं," ती म्हणाली. "नीट दिसत नाही."

"धुकंबिकं काही नाही. चल."

"किंबाप तरी खा."

"भूक नाही."

उतरताना गुडघे जास्त बोलतात. ओकबुन न बोलता उतरत होती, डोळ्यांपुढं पायऱ्या पुसट होत होत्या, आणि ते तुषारांचं पाणी नव्हतं. ती काठी जोरजोरात आपटत चालली होती, काठीनं काही गुन्हा केल्यासारखी. टोपी उडालेल्या वळणावर तिनं अशीच काठी टेकली, आणि ती टेकलीच नाही. लोखंडी टोक दगडात खोल गेलं. ओकबुनचा तोल गेला, ती मागं झुकली आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या एका बसक्या खडकाला पाठ लागून धपकन उकिडवी बसली.

"मेलीस?" जोमरे वरून किंचाळली.

"अजून नाही."

काठी मात्र तिथंच उभी होती, कुणी न धरता. ओकबुननं खाली बघितलं. वाटेच्या दगडात वाटीएवढा खळगा होता, आतून गुळगुळीत, आणि लोखंडी टोक त्यात असं बसलं होतं की जणू ते त्याच्याच मापानं कोरलंय. शेजारी तसेच आणखी उथळ खळगे होते. तिनं मागं हात नेऊन खडक चाचपला. कमरेच्या उंचीवर त्याची कड झिजून तुळतुळीत झाली होती.

हे कशाचं झिजणं आहे ते तिला कुणी सांगायला नको होतं. घराबाहेरच्या ओट्याची कडही दोकसूच्या चौकटीनं अशीच झिजलेली तिनं रोज बघितली होती. हमाल विसावा घेतो तेव्हा ओझं उतरवत नाही. खडकाला पाठ देऊन उकिडवा बसतो, चौकटीचा भार मागच्या कडेवर सोडतो, दुबेळक्याची काठी टेकू म्हणून लावतो, आणि मग कुठं मान वर करतो.

ओकबुननं मान वर केली.

समोर पाइनची ती आडवी फांदी होती. उभ्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर यावी अशी, हिरवी, दाट, सगळं झाकून टाकणारी. पण ती आता फांदीच्या खाली होती. फांदीखालून दरी उघडी होती, आणि दरीपलीकडं, बाजूनं, धबधबा होता. मोठी धार गर्जत येत होती. आणि तिच्या मागून, मंचावरून नुसता रिकामा दिसणाऱ्या त्या काळ्या खांद्याच्या पाठीमागून, एक बारीक धार उतरत होती.

आवाज न करता उतरत होती. खडकाला अंग चोरून, कुठं लपत, कुठं चमकत, मोठीच्या मागं मागं. सूतभरही न तुटता. आणि अगदी खाली, डोहाच्या थोडं वर, ती मोठीच्या अंगात शिरत होती आणि मग ती कुठली आणि ही कुठली ते सांगता येत नव्हतं.

"ताई, काय झालं? रडतेस काय? हाड मोडलं का?"

"बस," ओकबुन म्हणाली.

"कुठं बसू? ओलं आहे."

"माझ्या शेजारी बस. उकिडवी. अजून खाली. टोपी काढ."

जोमरे ताठ पाठीची बाई. कुरकुरत, कमरेला हात लावत, शेवटी ती खाली आली. मग तिची कुरकुर मध्येच थांबली.

दोघी म्हाताऱ्या वाटेच्या कडेला, लहान मुली परसाकडं बसतात तशा, ओळीनं उकिडव्या बसून राहिल्या.

"दोन," हातातली टोपी चुरगळत जोमरे म्हणाली.

"दोन."

"म्हणजे एवढी माणसं येतात आणि..."

"उभी राहून बघतात. आणि इथं थांबतंय कोण? पुढं मंच दिसतो ना." ओकबुननं बाहीनं नाक पुसलं. तिला एकदम दोकसूचा राग आला, फार मोठा, फार गोड राग. "मेल्यानं सांगितलं नाही की वाकून बघायचं असतं! त्याला वाटलं असेल, सगळं जग असंच बघतं. ओझ्याखालून."

रोज इथं येऊन, पाठीवर गॅसच्या टाक्या घेऊन, हा माणूस याच खडकाला टेकत होता. आणि श्वास घेता घेता समोर काय बघत होता, तर तिला. दरीभर गाजणारी, पांढरी, दांडगी ती. आणि मागं स्वतःला. इतक्या वर्षांत एकदा बोलला, पण बघत तो रोज होता. ओकबुनला हे असं स्पष्ट दिसलं आणि तिला दोन्ही हातांनी तोंड झाकावंसं वाटलं, नव्या नवरीसारखं.

खालून धापा टाकत एक तरुण जोडपं आलं. पोराच्या पाठीवर दोघांच्या पिशव्या, पोरीचा चेहरा रडवेला.

"आजी, अजून किती?" पोरीनं विचारलं.

"दहा मिनिटं!" जोमरेच्या तोंडून सवयीनं निघालं.

"गप," ओकबुन म्हणाली. "पोचलात बाळांनो, या वळणापलीकडंच आहे, आणि यावेळी खरं सांगतेय. पण आधी इथं बसा. दोघंही. असे, उकिडवे, खडकाला टेकून."

मोठ्या माणसांचं ऐकायचं म्हणून दोघं बसली. पोरगी आधी वैतागून बसली. मग तिनं फांदीखालून बघितलं आणि नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं.

"अय्या, दोन आहेत! म्हणजे ते खालच्या खानावळीतल्या आजी सांगतात ते हेच? नवराबायको?" ती म्हणाली. "मोठी धार नवरा, आणि बारीक बायको, ना?"

"नाही," ओकबुन म्हणाली. "त्या आजीला काही कळत नाही. मोठी ती बायको. मागून येते ती बारीक, तो नवरा."

पोरानं पाठीवरच्या दोन पिशव्या सावरल्या आणि बायकोकडं बघून हसला. ती दोघं मंचाकडं निघून गेली. ऊन कलत होतं, आणि काळ्या खांद्यामागं एक सोनेरी रेघ उजळत चालली होती.

"निघायचं का ताई?" जोमरेनं विचारलं. "अंधाराच्या आत उतरायला हवं."

"निघू ना," समोरून नजर न काढता ओकबुन म्हणाली. "दहा मिनिटं."

या डोंगरावरची दहा मिनिटं म्हणजे काय ते जोमरेला पक्कं ठाऊक होतं. तिनं पाठीवरची पिशवी उतरवली, खडकाला टेकून नीट बसली आणि उरलेली काकडी मोडून मोठा तुकडा ओकबुनच्या हातात दिला.